'व्हेरिफाइड' टॅग लावलेले बूट बनावट निघाले. पुढे काय करावं?

रानजाई (पुणे)

नमस्कार. इथे गाड्यांपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळ्यावर सल्ला मिळतो, पण स्नीकरच्या रिसेलवर, म्हणजे घेतलेले बूट पुन्हा विकण्याच्या धंद्यावर, धागा सापडला नाही, म्हणून नवा काढते आहे.

माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर आठवीतल्या दोन मुलींच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले आणि एका रिसेल साइटवरून नायकीचे एअर जॉर्डन १ मागवले. किंमत १८,५०० रुपये. ही रक्कम मला फार वाटली, पण पैसे त्याचे होते, कष्ट त्याचे होते, म्हणून मी गप्प राहिले. बूट आले तेव्हा लेसमध्ये काळा प्लास्टिकचा टॅग अडकवलेला होता. त्यावर क्यूआर कोड आणि 'व्हेरिफाइड' असं लिहिलेलं. त्याने टॅग कापून जपून डबीत ठेवला आणि बूट घालायला सुरुवात केली.

तेवीस दिवसांत उजव्या बुटाचा पुढचा सोल उघडला. आमच्या कोपऱ्यावर पिंपळाखाली चप्पल-बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला. मग आतली गादी काढली आणि सोलच्या कडेने जी टाक्यांची रेघ दिसते तिच्यातून आरीचं टोक हळूहळू फिरवलं. मला म्हणाले, "ताई, हा टाका नुसता दाखवायचा आहे. दोरा आत गेलेलाच नाही, आतून बघा. सगळं सोल्युशनवर आहे." आत बोट घालून पाहिलं, तर खरंच कडेला एकही टाका हाताला लागला नाही. शेजारीच दुरुस्तीला आलेला दुसऱ्या कुणाचा तरी जुना बूट होता. त्याची गादी उचलून त्यांनी दाखवलं. त्यात आतल्या कडेने टाक्यांची सलग ओळ होती.

मुलगा काही बोलला नाही. बूट पिशवीत घातले आणि पिशवी छातीशी धरून घरी आला.

साइटचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. त्यांचं म्हणणं असं, की परत करायची मुदत तीन दिवसांची होती आणि टॅग कापला की जबाबदारी संपते. आता काही करता येईल का? आणि मुळात हा 'व्हेरिफाइड' शब्द कोण कशाच्या जोरावर लिहितं?


साईझ_नऊ (पुणे)

ताई, वाचून वाईट वाटलं. मी बावीस वर्षांचा आहे आणि तीन वर्षं छोट्या प्रमाणात रिसेल करतो, त्यामुळे आतली बाजू थोडी सांगू शकतो.

काकांनी पकडलं ते बरोबर आहे. जॉर्डन १ आणि नायकीचाच डंक यांचा सोल वाटीसारखा असतो, वरचा भाग त्यात बसवून कडेने शिवतात. पण फक्त टाक्यावर निर्णय करू नका. ज्यात टाकाच नाही ती अगदी हलकी कॉपी. चीनच्या फुजियान प्रांतात पुतियान नावाचं शहर आहे. तिथे मोठ्या ब्रँडसाठी बूट बनवणारे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याच सावलीत कॉपीचा धंदाही वाढला. तिथल्या वरच्या दर्जाच्या कॉपीत टाका असतो, चामडं असतं, खोक्यावरचं लेबलही जुळतं.

म्हणून आम्ही एकेक गोष्ट बघत जातो. आतल्या लेबलवरचा स्टाइल कोड आणि खोक्यावरचा कोड एक आहे का? तो कोड त्याच रंगाच्या बुटाचा आहे का? जॉर्डन १ मागून पाहिला तर टाचेपाशी वाळूच्या घड्याळासारखा मध्ये बारीक दिसतो, कॉपी बऱ्याचदा सरळ खांबासारखी असते. पंखांच्या शिक्क्यातली अक्षरं दाबून उमटलेली हवीत. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कॉपीवर कधी कधी खुणेच्या रेघा चमकतात. आणि वास. खऱ्या जोडाचं खोकं उघडल्यावर येणारा वास एकदा लक्षात राहिला की नाकाला सोल्युशनचा भपकारा लगेच वेगळा कळतो.

तुमच्या साइटवर हे सगळं कुणीतरी बघायला हवं होतं. पाहिलेलं नाही, हे उघड आहे.


डेट्रॉइटकर (मिशिगन)

रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो. मी इथे सोळा वर्षं आहे आणि या धंद्याचं सगळ्यात गाजलेलं दुकान माझ्या शहरातलंच आहे.

त्याचं नाव स्टॉकएक्स. स्थापना २०१५ सालची, संकेतस्थळ उघडलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. संस्थापकांपैकी जॉश लुबर यांचा आधी कॅम्पलेस नावाचा उद्योग होता. कुठला जोड कितीला विकला गेला याची आकडेवारी ते त्यात गोळा करत. ती आकडेवारी आणि इथले उद्योगपती डॅन गिल्बर्ट यांचा पैसा एकत्र आला आणि बुटांचा शेअर बाजार उभा राहिला. शेअर बाजार हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही, पद्धतच तशी आहे. घेणारा आपली बोली लावतो, विकणारा आपली किंमत मांडतो, दोन्ही जुळले की सौदा पक्का. विकणाऱ्याचं नाव तुम्हाला दिसत नाही, त्या जोडाचा फोटोही दिसत नाही. सगळे नऊ नंबरचे नवे जोड एकसारखेच, असं धरलेलं असतं. जोड आधी कंपनीच्या केंद्रात येतो, तिथे तपासला जातो, मग तुमच्याकडे निघतो.

आता नीट बघा. विकणारा अनोळखी आणि जोड न पाहिलेला, म्हणजे सगळा भार त्या केंद्रातल्या तपासणाऱ्या माणसावर आला. तो चुकला तर वरचं सगळं कोसळतं. नायकीने फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टॉकएक्सवर दावा लावला. सुरुवात एनएफटीवरून, म्हणजे डिजिटल मालकीच्या टोकनवरून, झाली होती. पण मे महिन्यात त्यात भर घातली, की आम्ही तुमच्याकडून घेतलेले चार जोड बनावट निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॉकएक्सने टॅगवरचा 'ऑथेंटिक' हा शब्द काढला आणि फक्त 'व्हेरिफाइड' ठेवला. मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ३७ बनावट जोडांच्या विक्रीबद्दल कंपनीला जबाबदार धरलं. त्यातले ३३ एकाच ग्राहकाकडचे होते. पुढे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं.

या दोन शब्दांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. 'अस्सल' हे वस्तूबद्दलचं विधान आहे. 'तपासलेलं' हे तपासणाऱ्याच्या कामाबद्दलचं विधान आहे. सोनाराकडे आपण हॉलमार्क बघतो, त्यामागे सरकारी मानक असतं, नोंदणी असते. बुटाच्या टॅगमागे फक्त ती कंपनी असते.

लॉस एंजेलिसच्या गोट या कंपनीची जन्मकथाच बनावट जोडाची आहे. दोन संस्थापकांपैकी एकाने ईबेवरून जॉर्डन ५ 'ग्रेप' घेतले, ते नकली निघाले आणि त्या चिडीतून २०१५ मध्ये कंपनी निघाली. त्याच गोटला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २० लाख डॉलरहून जास्त रक्कम भरायला लावली. कारण वेगळं होतं. वेळेवर माल न पाठवणं आणि ग्राहकाला संरक्षण देतो म्हणून सांगितलेला शब्द न पाळणं. ईबेने तर ऑक्टोबर २०२० पासून महागड्या स्नीकरसाठी स्वतःची तपासणी सुरू केली.

एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे जड जातं, तर इन्स्टाग्राम पान आणि दोन खोल्यांच्या गाळ्यावर चालणारी साइट काय तपासत असेल?


पेठेतला (पुणे)

मी या विषयात अनभिज्ञ आहे. तुमच्या मुलाचे पैसे गेले याचं मनापासून वाईट वाटतं. तरीही एक विचारतो, राग मानू नका. आम्हाला वर्षाला एक कॅनव्हासचा जोड मिळायचा, जूनमध्ये, शाळा सुरू होताना. शनिवारी त्याला पांढरी पावडर लावायची. १८ हजारांच्या बुटात असं काय असतं, की एका विद्यार्थ्याने त्यासाठी वर्षभर शिकवण्या घ्याव्यात?


रानजाई (पुणे)

राग कसला मानायचा? मीही त्याला हेच विचारलं होतं.

तो पाचवीपासून बास्केटबॉल खेळतो. शाळेच्या मैदानावर सिमेंटचं कोर्ट होतं. तिथल्या सरांनी मुलांना मायकेल जॉर्डनच्या जुन्या मॅचच्या सीडी दाखवल्या होत्या. १९८५ साली आलेला जॉर्डनच्या नावाचा तो पहिला जोड त्याच्या मनात तेव्हापासून आहे. दहावीत त्याने वहीच्या मागच्या पानावर काढलेलं त्याचं चित्र माझ्याकडे अजून आहे. कुणी पुस्तकं जमवतं, कुणी फाउंटन पेनं. याने एकच जोड मनात धरला आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरला नाही. म्हणून मला पैशांपेक्षा त्या फसवणुकीचं जास्त लागलं.


माळ्यावरचे_बूट (मुंबई)

पेठेतला काका, मीही त्या कॅनव्हासच्या पिढीच्या शेपटाकडचा आहे. आज माझ्याकडे एकतीस जोड आहेत. मी विकत नाही, वापरतो. एका जोडात माणसाच्या वयाचा एखादा तुकडा अडकलेला असतो, एवढंच माझं उत्तर आहे.

पण या धाग्यावर मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, जी विकणारे कधीच सांगत नाहीत. 'डेडस्टॉक' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. म्हणजे न वापरलेला, खोक्यासकट, जसाच्या तसा. रिसेलमध्ये सगळ्यात जास्त पैसे याला मिळतात. लोकांना वाटतं, दहा वर्षं खोक्यात ठेवला तर दहा वर्षांनी तितकाच नवा निघेल. तसं होत नाही.

जॉर्डन ३, ४, ५, ६ यांच्या मधल्या सोलमध्ये पॉलीयुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या बाष्पाने तो आतून तुटत जातो. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्याकडे जॉर्डन ४ चा एक जोड होता, बारा वर्षं गिरगावच्या घरात माळ्यावर खोक्यात. २०१९ च्या गणपतीत काढला आणि घालून विसर्जनाच्या मिरवणुकीत निघालो. ठाकूरद्वारच्या नाक्यावर टाचेखाली काहीतरी मऊ झाल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर रस्त्यावर माझ्या मागे पांढऱ्या चुऱ्याची रेघ पडत आली होती, खडूचा तुकडा चुरावा तशी. अर्ध्या तासात दोन्ही टाचा गेल्या. घरी अनवाणी आलो.

वापरात असलेला जोड जास्त टिकतो, कारण चालताना फोम दाबला जातो आणि ओल बाहेर पडते. आणि आपल्याकडे, मुंबईत, कोकणात, गोव्यात, चार महिने हवाच ओली असते. तेव्हा कुणी 'बारा वर्षं जुना, एकदाही न घातलेला जॉर्डन ४' म्हणून चाळीस हजार मागत असेल, तर तो अस्सल असला तरी घेऊ नका. अस्सल असणं आणि पायात टिकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि टॅग दुसरीबद्दल एक अक्षर बोलत नाही.

जॉर्डन १ ला हा धोका जवळपास नाही. त्याचा सोल रबरी वाटीचा आहे. रानजाई, तुमच्या लेकाने जोड अगदी योग्य निवडला होता.


सातारकर_वकील (सातारा)

धागा उशिरा पाहिला. रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. अजून बरंच करता येईल.

सर्वात आधी, पैसे कसे भरले? क्रेडिट कार्ड असेल तर आजच बँकेला लेखी कळवा, की वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, बनावट आहे. या तक्रारीला मुदत असते, म्हणून उशीर करू नका.

दुसरं, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० अशा सगळ्या साइटना लागू आहेत. त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं नियमात आहे. त्यांच्या चॅटवर भांडू नका. त्या अधिकाऱ्याच्या नावाने ईमेल पाठवा, फोटो जोडा, पैसे परत मागा.

आता यातला खरा मुद्दा. ती साइट स्वतःचा माल विकते, की दुसऱ्याचा माल आपल्या फळीवर ठेवून विकते? स्वतःचा साठा विकणारी साइट वस्तूच्या अस्सलपणाची हमी देत असेल, उघड किंवा सूचित, तर त्या अस्सलपणाची जबाबदारी तिच्यावर येते, असं हे नियम स्पष्ट सांगतात. दुसऱ्याचा माल असेल, तर खरेदीनंतर तुम्ही लेखी मागितल्यावर विक्रेत्याचं नाव आणि पत्ता तिला द्यावा लागतो. दोन्ही वाटांनी कुणीतरी उत्तर द्यायला उभं राहतंच. म्हणून ईमेलमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा: हा माल तुमचा होता की दुसऱ्याचा? दुसऱ्याचा असेल तर नाव-पत्ता द्या.

'टॅग कापला की जबाबदारी संपली' हे त्यांनी स्वतःच लिहिलेलं कलम आहे. त्याने कायद्याने दिलेला हक्क जात नाही. टॅग कापल्याशिवाय बूट घालताच येत नसेल, तर त्या कलमाचा अर्थच काय राहिला?

समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील घ्यायलाच हवा असंही नाही.

एक जाता जाता, कारण लोक नेहमी विचारतात. अस्सल वस्तू विकत घेऊन पुन्हा विकणं हा गुन्हा नाही. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या प्रिंटरच्या प्रकरणात परदेशातून आणलेला अस्सल मालही विकायला हरकत नाही, असं धरलं होतं. बनावट चिन्हाचा माल विकणं मात्र ट्रेड मार्क्स कायदा १९९९ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. 'फर्स्ट कॉपी' असं तोंडावर सांगून विकला तरी विकणारा सुटत नाही.


पेठेतला (पुणे)

वकीलसाहेब, उत्तम माहिती. रानजाई, तुमचं उत्तर वाचलं, पटलं. वहीतल्या चित्राचं विशेष.

साईझ_नऊ, आता तुम्हाला विचारतो. बूट कंपनीने ठरावीक किमतीला काढायचे, तुम्ही ते आधी उचलायचे आणि खेळणाऱ्या पोराने दुप्पट द्यायचे. यात तुम्ही नक्की कुठली सेवा देता?


साईझ_नऊ (पुणे)

काका, प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतःलाही तो विचारतो.

माझा हिशोब आधी सांगतो. गेल्या वर्षी एका दुकानाच्या सोडतीत मला एक जोड लागला. १७ हजारांना घेतला, २१ हजारांना गेला. साइटचं कमिशन २,१०० आणि कुरिअर ४०० गेलं. हातात उरले १,५००. त्यासाठी तीन महिने अकरा सोडतींत नाव घातलं होतं. आणि तोटा? २०२२ मध्ये मी काळ्या-पांढऱ्या डंकचे, ज्याला सगळे पांडा म्हणतात, सहा जोड तेरा हजारांच्या भावाने उचलले. वाटलं सोळाला जातील. नायकीने तोच रंग पुन्हा पुन्हा काढला, जिकडेतिकडे पांडा दिसायला लागले आणि मला ते नऊला काढावे लागले. चोवीस हजारांची खोट. ते पैसे आईकडून घेतले होते. परत फेडायला आठ महिने लागले. यूट्यूबवर 'कॉलेजात असताना लाखो कमवा' सांगणारे हे दाखवत नाहीत, म्हणून इथे लिहितो. या धाग्यावर येणाऱ्या मुलांनी वाचावं.

आता सेवा. आपल्याकडे नावाजलेल्या जोडांचे फार थोडे नग येतात. दिल्लीचं व्हेजनॉनव्हेज, मुंबईचं सुपरकिक्स अशा मोजक्या दुकानांत ते पोचतात आणि सोडतीने जातात. आयात शुल्क आहे. त्यात १ ऑगस्ट २०२४ पासून बुटांवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं झालं, परदेशी कारखान्यांना ते मिळायला वेळ लागला आणि माल आणखी आटला. नांदेडच्या मुलाला दहा नंबरचा जोड हवा असेल, तर त्याने कुठे जायचं? रिसेलवाला त्याच्यापर्यंत पोचतो. मेनस्ट्रीट मार्केटप्लेस आपल्या पुण्यातूनच, एका यूट्यूब चॅनलपासून उभं राहिलं, ते याच गरजेवर.

पण बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारा प्रोग्रॅम, लावून शंभर जोड एका मिनिटात उचलणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. ते माझ्यासारख्याच्याही तोंडचं काढतात.


डेट्रॉइटकर (मिशिगन)

बॉटचा विषय निघाला म्हणून लिहितो. मार्च २०२१ मध्ये नायकीच्या उत्तर अमेरिका विभागाच्या प्रमुखांनी पद सोडलं. त्यांचा मुलगा रिसेलचा मोठा धंदा चालवत होता आणि आईच्या नावावरचं क्रेडिट कार्ड त्यात वापरलं गेल्याची बातमी आली होती. रांगेत उभ्या असलेल्या मुलांचा विश्वास त्या दिवशी फार हलला.

आणि 'आधी पैसे भरा, जोड नंतर येईल' म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. ओरेगॉनमध्ये झादेह किक्स नावाचा व्यवसाय होता. जॉर्डन ११ 'कूल ग्रे' बाजारात यायच्या आधीच त्याने सहा लाखांहून जास्त जोडांची मागणी घेतली, सात कोटी डॉलरहून जास्त पैसे गोळा केले. हातात आले सहा हजारांच्या थोडे वर जोड. २०२२ मध्ये मालकावर फेडरल खटला झाला. तिथे पैसे अडकलेल्यांत माझ्या ऑफिसातला एक मुलगा होता, चार जोडांचे. किंमत दुकानापेक्षा स्वस्त कशी, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता, पण आधीच्या दोन खेपा नीट आल्या होत्या म्हणून त्याने विचारला नाही.


पंचगंगा (कोल्हापूर)

आमचं चपलांचं घर आहे, तीन पिढ्या. तुमचे ते बूट आम्हाला कळत नाहीत, पण रानजाईंच्या कोपऱ्यावरच्या काकांचं वाचून लिहावंसं वाटलं.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. तरी महाद्वार रोडवर बाहेरून आलेला रेक्झिनचा माल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून गिऱ्हाइकाच्या पायात जातोच. गिऱ्हाईक पाटी वाचतं, चप्पल उलटी करून बघत नाही. आमच्याकडे वडील दुकानात पोराला पहिलं हेच शिकवायचे: माल उलटा कर, तळ बघ, टाका चामड्याच्या वादीचा आहे का बघ, वास घे, मग किंमत बोल. त्या काकांनी आरी घालून पाहिलं, ते हेच. माझं म्हणणं, पुढच्या खेपेला पोराने बूट आल्या दिवशीच त्यांच्याकडे न्यावेत. शंभर रुपये द्यावेत त्यांच्या नजरेचे.


रानजाई (पुणे)

सगळ्यांचे आभार. कुठवर आलंय ते सांगते.

वकीलदादा, तुम्ही लिहिलं त्याच रात्री बँकेला कळवलं. कार्ड माझ्या नवऱ्याचं होतं, मुलाने त्यांना रोख पैसे पाकिटात घालून दिले होते. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधायला चाळीस मिनिटं लागली, 'अटी व शर्ती'च्या अगदी तळाला होतं. ईमेलमध्ये तुमचा प्रश्न तसाच्या तसा घातला: माल तुमचा की दुसऱ्याचा? सोबत काकांनी दाखवलेल्या कडेचे सहा फोटो आणि शेजारच्या जुन्या बुटाचे दोन.

पोच तिसऱ्या दिवशी आली. नवव्या दिवशी फोन आला, की 'सद्भावना म्हणून' निम्मे पैसे परत देतो. मुलाने फोन घेतला होता. त्याने शांतपणे सांगितलं, की मला सद्भावना नको, मी भरलेले पैसे हवेत आणि विक्रेत्याचं नाव हवं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

मग १९१५ वर नोंद केली. बाविसाव्या दिवशी पूर्ण १८,५०० कार्डावर परत आले. विक्रेत्याचं नाव अजून दिलेलं नाही. बूट परत मागितले होते. वकीलदादांना विचारून आम्ही आधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवला, मगच पाठवले. ते पुन्हा टॅग लावून दुसऱ्या कुणाला विकले जातील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यावर काही करता येतं का?


सातारकर_वकील (सातारा)

विक्रेत्याच्या नावाची मागणी सोडू नका, पैसे परत मिळाले म्हणून ती संपत नाही. आणि खोक्यावरचा कोड, टॅगवरचा क्रमांक, व्हिडिओ, सगळं जोडून ब्रँडच्या भारतातल्या कार्यालयाला लेखी कळवा. बनावट मालावर कारवाई करायचा खरा हक्क त्यांचा आहे. त्यांना नेमका क्रमांक दिला तर काम सोपं होतं.


माळ्यावरचे_बूट (मुंबई)

रानजाई, विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझ्याकडे जॉर्डन १ चा एक जोड आहे, आठ नंबरचा. २०१८ मध्ये मुंबईत दुकानातून घेतला, बिल खोक्यात आहे. मला थोडा घट्ट होतो म्हणून पाच-सहा वेळाच घातला. तुमच्या लेकाचा नंबर आठ असेल तर सहा हजारांना देईन. पैसे आधी पाठवू नका. त्याने दादरला यावं, आतली गादी उचलून टाके बघावेत, घालून फलाटावर दोन चकरा माराव्यात. नाही आवडला तर चहा पिऊन परत जावं.


रानजाई (पुणे)

नंबर आठच आहे. रविवारी कुठल्या गाडीने जायचं हे त्याला मी सांगणार होते, पण त्याने आधीच गाडी बघून ठेवली आहे.


रानजाई (पुणे)

काल जाऊन आला. दादरहून फोन केला तेव्हा आवाज लहानपणीसारखा झाला होता. घरी आल्यावर बूट काढले नाहीत, तसाच कोपऱ्यावर काकांकडे गेला. काकांनी गादी उचलली, बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली. शंभर रुपये द्यायला गेला, तर घेईनात. मग पंचगंगा यांचं नाव सांगून दिले.

उरलेल्या पैशांतून त्याने शिकवणीच्या दोन्ही मुलींना भूमितीची पुस्तकं घेतली आहेत. बाकीचे बँकेत.


माळ्यावरचे_बूट (मुंबई)

पोरगा गुणी आहे. एक सांगायचं राहिलं. डाव्या बुटाची टाच आतून जरा उसवायला आली आहे, काकांकडून दोन टाके घालून घ्या. आणि पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवू देऊ नका, आठवड्यातून एकदा तरी घालायला सांगा.